चातुर्मासातला लसूण

माझ्या आईनं सहा आठवडे, आठवड्यातून दोनतीनदा, डुकराच्या हाडाबरोबर शिजवलेली पालेभाजी आवडीनं खाल्ली. ती तिला मी आणून दिली. पहिले दोन आठवडे मला माहीत नव्हतं. पुढचे चार आठवडे माहीत होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही आणि आईला तर नाहीच.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. माझ्या न बोलण्याला लोक गांभीर्य समजतात आणि मी त्यांना समजू देतो. त्यातलं निम्मं न बोलणं या एका भाजीमुळे आहे, हे आता पन्नाशी उलटल्यावर लिहून टाकतो.

आम्ही तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहायचो. २००४ साल. मंडळाच्या गणपतीत जेवणाचं बघणाऱ्या चारपाच जणांत मी असायचो आणि माझं काम ठरलेलं होतं: डबे उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचणे. कुठल्या चीजमध्ये काय असतं, कुठल्या ब्रेडमध्ये अंडं असतं, याची एक लांबलचक ईमेल मी सगळ्यांना पाठवली होती. एका वाढदिवसाला मुलं मार्शमॅलो खात असताना जिलेटिन कशापासून करतात ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यातल्या दोन मुली रडल्या. तेव्हापासून मुलं मला 'लेबल काका' म्हणायला लागली. तोंडावर म्हणायची आणि मला ते आवडायचं. हेच लेबल काका ऑफिसच्या पार्ट्यांत चिकन खायचे, हेही इथे सांगून टाकतो. तो गुन्हा किरकोळ आहे.

बाबा त्या वर्षी जानेवारीत गेले. जूनमध्ये मी आईला घेऊन आलो. पुण्यात एकटी राहिली तर जेवणार नाही म्हणून आणलं, तर इथे चौघांत बसूनही ती जेवेना. वाटीभर वरणभात, तोही चिवडत. बायकोनं गवार केली, भरली भेंडी केली, इंडियन स्टोअरमधून शिळी का होईना, पण मेथी आणून केली. आई म्हणायची, "छान झालंय हो," आणि ताट सरकवायची. बायकोनं आईच्या ब्लाउजांना दोनदा टाके घातले. हातातली बांगडी कोपराकडे सरकू लागली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टमध्ये काही नाही, त्यांनी खायला पाहिजे. ते आम्हालाही माहीत होतं. त्यात चातुर्मास सुरू झाला. कांदा, लसूण, वांगं बंद. मुळात जी काही खात नव्हती तिनं आणखी तीन गोष्टी सोडल्या.

त्या दिवसांत एका क्लायंटच्या कामासाठी मला रॅलेच्या डाउनटाउनमध्ये जावं लागायचं. तिथे दोन उंच इमारतींच्या मधे, बोळाएवढ्या जागेत, एक सँडविचचं दुकान होतं. पाच स्टुलं, एक काउंटर, काउंटरपलीकडे साठीची एक बाई आणि तिच्या मागे दोन भलीमोठी पातेली. सहावं गिऱ्हाईक आत आलं की पहिल्यानं उठायचं, असा न लिहिलेला नियम होता. बाई राज्याच्या पार दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावातली. भिंतीवरच्या पाटीवर तिच्या गावाकडचे पदार्थ होते: लाल मिरची घातलेल्या चीजचं सँडविच, कच्च्या हिरव्या टोमॅटोच्या तळलेल्या चकत्यांचं सँडविच आणि सगळ्यात खाली, कोलार्डचं सँडविच.

ते मी शेजारच्या माणसाच्या हातात पाहिलं आणि स्टुलावरच सरळ बसलो. मक्याच्या पिठाच्या दोन चपट्या, कडेला जाळी पडलेल्या भाकऱ्या आणि त्यांच्या मधे हिरवीगार, गाळ शिजलेली कोलार्डची पालेभाजी. ब्रेड नाही, मेयोनेज नाही. शुद्ध भाकरी-भाजी, फक्त एकावर एक ठेवलेली.

"यात मीट आहे का?" मी विचारलं.

"वर एक तुकडा असतो, बेबी. नको असेल तर काढते." बाई गिऱ्हाइकांतल्या झाडून सगळ्यांना बेबी म्हणायची. त्रेचाळिसाव्या वर्षी, टाय लावून बसलेला मी, त्यानं जरा सुखावायचो. तिनं चिमट्यानं भाजीवरचा तळलेल्या चरबीचा कुरकुरीत तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"आणि भाजीत?"

"भाजीत मीट नाही. नुसतं सीझनिंग."

"कांदा, लसूण?"

"कोलार्डमध्ये लसूण कशाला घालेल कुणी?" चहाला मोहरीची फोडणी देतेस का, असं मी विचारल्यासारखा तिचा चेहरा झाला.

सीझनिंग. या शब्दाचं मी मनातल्या मनात भाषांतर केलं: फोडणी. चौदा वर्षं अमेरिकेत काढलेला, लेबलांचा अभ्यासक मी. त्या भागात सीझनिंग म्हणजे भाजीला चव यावी म्हणून सोडलेला मांसाचा तुकडा, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. तिनं काहीच लपवलं नव्हतं. पातेल्याला लेबल नव्हतं, एवढीच माझी पंचाईत झाली. भाकऱ्या कशात तळल्या होत्या, हे तर मी आजतागायत विचारलेलं नाही.

दोन सँडविचं बांधून घरी नेली. आईनं वरची भाकरी उचलून बाजूला ठेवली, तिचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. मग दुसरा तुकडा.

"अरे, ही तर भाकरी-भाजी आहे."

"हो ना."

"अळूच्या अंगानं जाते, पण अळू नाही. फोडणी कशाची आहे रे?"

"साधीच असेल. विचारून घेतलंय मी सगळं. कांदा-लसूण नाही."

तिनं ते अख्खं संपवलं आणि बोटं चाटली. बाबा गेल्यापासून आईनं बोटं चाटलेली मी पाहिली नव्हती. दुसऱ्या सँडविचकडे बघून म्हणाली, "हे कुणाचं आहे?" बायकोनं ते तिच्या ताटात ठेवलं आणि तेलाच्या बरणीशी उगाचच काहीतरी करत पाठ फिरवून उभी राहिली.

मग मी नेमानं आणू लागलो. ज्या दिवशी ती भाजी असे त्या दिवशी आई रात्रीही थोडं जेवायची. मावशीला पुण्याला फोन करून सांगायची, "इथे एक बाई आहे, काय पालेभाजी करते म्हणून सांगू. आपल्याकडे गच्चीवर पिकवता आली तर बघ." दोन आठवड्यांत ती संध्याकाळी कॉलनीतून चक्कर मारायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मी जरा लवकर पोचलो. दुकानात कुणी नव्हतं. बाईनं पातेल्यात मोठा चिमटा घातला आणि एक तपकिरी, मुठीएवढं हाड वर काढलं. त्याला चिकटलेले धागे लोंबत होते. तिनं ते ताटलीत ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"सीझनिंग, बेबी."

मग तिनं विचारलं, "आज किती देऊ?"

इथे माणसानं काय करावं हे मला माहीत आहे. मंडळातल्या कुणी मला विचारलं असतं, तर मी मुद्देसूद ईमेल लिहिली असती. मी म्हणालो, "दोन."

गाडीत बसल्यावर मी स्वतःला बरंच काही समजावलं. हाड काढून टाकलंय, म्हणजे भाजीत तसं काही नाही. औषधाच्या गोळ्यांच्या वरच्या कवचातही जिलेटिन असतं, मग? आईचं वजन वाढतंय. तिला सांगितलं तर ती भाजी सोडेल आणि त्याबरोबर जेवणही सोडेल. हे शेवटचं खरं होतं. म्हणून बाकीचीही खरी आहेत असं मी धरून चाललो. चार आठवडे धरून चाललो. आई जेवायला बसली की मी मात्र पाणी आणायच्या, फोन बघायच्या निमित्तानं उठायचो. बायकोला वाटायचं, मला भरून येतं म्हणून मी उठतो.

हे असंच चाललं असतं. पण आईला खाण्यापेक्षा शिकून घेण्याची हौस जास्त. एका शनिवारी ती म्हणाली, "मला त्या बाईकडे ने. परत गेल्यावर मला हवी असेल तर कुठून आणू? फोडणी विचारून घेते." मी गर्दी असते म्हणालो, पार्किंग मिळत नाही म्हणालो. आई नऊवारी नव्हे तरी इस्त्रीची सुती साडी नेसून, पायात मुलीचे पांढरे बूट घालून दारात उभी राहिली होती. मुलीला मैत्रिणीकडे जायचं होतं, बायको तिला सोडायला निघाली होती. म्हणजे भाषांतराला मी एकटाच.

बाईनं आईला पाहिलं आणि काउंटरच्या बाहेर आली. "ही तुझी आई? माझं गिऱ्हाईक?" तिनं आईला हात धरून स्टुलावर बसवलं, आणि वरचा तुकडा आठवणीनं न घालता समोर सँडविच ठेवलं. आईनं दोन घास खाल्ले, मान डोलावली आणि मला म्हणाली, "विचार."

मी विचारलं. बाई खुलली. पानांच्या शिरा कशा काढायच्या, तीनदा कसं धुवायचं, थंडी पडल्यावरची पानं गोड कशी असतात, मग धुरी दिलेलं पायाचं हाड आधी तासभर कसं उकळायचं, त्याच पाण्यात पानं कशी सोडायची, तिची आई यात चिमूटभर साखर कशी घालायची, हे सगळं तिनं हातवारे करून सांगितलं. आई तिच्या तोंडाकडे एकाग्रतेनं बघत होती.

मी म्हणालो, "धुऊन, चिरून, मंद आचेवर शिजवायची."

"ते मला कळतं रे. फोडणीचं काय म्हणाली? स्मोक, स्मोक म्हणत होती ती. धुरावरचं काहीतरी आहे ना?"

आई शाळेत शिक्षिका होती. मराठीची, पण शिक्षिकेचे कान असतातच. आता 'धुरावर भाजलेलं' पर्यंत आलोच होतो, पुढे एक नाम हवं होतं. मला आधी वांगं सुचलं. पण चातुर्मासात वांगं चालत नाही, एवढं भान त्याही अवस्थेत होतं. म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, "धुरावर भाजलेला लसूण."

लसूणही चालत नाही, हे शब्द तोंडातून सुटल्यावर आठवलं.

आईनं हातातला तुकडा खाली ठेवला. "लसूण?"

"थोडासाच."

"अरे, तू विचारून घेतलंस म्हणाला होतास. दीड महिना मी लसूण खातेय? चातुर्मासात?"

"आई, विसरलो. विचारायचं राहिलं."

तिनं कागदी रुमालानं बोटं पुसली, एकेक करून, नीट.

बाई आमच्या दोघांकडे बघत होती. "काय झालं? मी एवढं लांबलचक बोलले आणि तू दोन वाक्यांत आटोपलंस. काय सांगितलंस तिला?"

"गार्लिक," मी म्हणालो. "या चार महिन्यांत ती लसूण खात नाही."

"माझ्या भाजीत लसूण नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला."

"हो."

"मग?"

आता दोन बायका माझ्याकडे बघत होत्या आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एवढ्यावर माझी अब्रू टिकून होती. मी बाईला हळूच म्हणालो, "ती मीट खात नाही. कधीच नाही. आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही."

बाईनं काउंटर पुसायला घेतला. पुसलेलाच भाग परत पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू इथे उभा राहून मला ते हाड काढताना पाहिलंस. आणि तरी घेऊन गेलास. तुझ्या आईला."

"ती दुसरं काही खात नव्हती."

"मग मला सांगायचंस. मला एक पातेलं वेगळं चढवायला कितीसा वेळ लागला असता? तीस वर्षं लोकांना खायला घालतेय मी. या काउंटरवर कुणाला कधी फसवलं नाही. तू माझ्या हातून फसवलंस." आज तिनं बेबी म्हटलं नाही. "आजच्या आज सांग तिला. गाडीत बसल्या बसल्या."

"सांगतो."

आईनं माझी बाही ओढली. "काय म्हणतेय ती?"

"सॉरी म्हणतेय. लसणाबद्दल."

ज्या बाईनं काही केलं नव्हतं तिला मी न घातलेल्या लसणाची माफी मागायला लावली. आईनं पुढे वाकून तिचा ओला हात हातात घेतला आणि थोपटला. मला म्हणाली, "तिला सांग, तुमची काही चूक नाही. माझ्याच मुलानं नीट विचारलं नाही."

त्या दिवशी मी शब्दाला शब्द भाषांतर केलं ते फक्त या वाक्याचं.

गाडीत मी सांगितलं नाही. पहिल्या सिग्नलला सांगणार होतो. मग हायवेला लागल्यावर. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जाऊ दे. अजाणता खाल्लं त्याचा एवढा दोष नसतो. उद्या उपास करते म्हणजे झालं," आणि मी इंडिकेटर देऊन लेन बदलली. लेन बदलायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईनं लसणाचा उपास केला. नुसत्या पाण्यावर. महिनाभर जिला चार घास खायला घालण्यासाठी मी हे सगळं केलं होतं, ती माझ्यामुळे दिवसभर उपाशी राहिली, तेही न खाल्लेल्या वस्तूसाठी. मुलगी मला विचारत होती, "डॅड, व्हाय इज आजी नॉट ईटिंग?" मी म्हणालो, "गार्लिक." मुलगी म्हणाली, "दॅट्स सो रँडम." मीही तिच्याबरोबर उपास करायचं मनाशी ठरवलं होतं. दुपारी चार वाजता गॅरेजमध्ये उभं राहून मी दोन मफिन खाल्ले. खाण्याआधी सवयीनं लेबल वाचलं.

बुधवारी मी दुकानात गेलो. माझ्यासाठी एक लहान पातेलं वेगळं शिजत होतं. तेल, मीठ, सुकी मिरची, हाड नाही. मला न विचारता तिनं ते चढवलं होतं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"तिनं माफ केलं," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं. कशाबद्दल, ते बाईनं विचारलं नाही. तिचा चेहरा सैल झाला. "चांगली बाई आहे," ती म्हणाली आणि डबा भरताना मला परत बेबी म्हणाली. ते मला थपडेसारखं लागलं, आणि तरी मी ते घेतलं.

आईला सांगितलं, लसूण काढायला लावलाय. तिनं चव घेतली. "आता बरोबर आहे," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण पहिल्यासारखी नाही हो. खोटं कशाला बोलू, लसणाची चव वेगळीच." पण खात राहिली. बांगडी मनगटाशी आली. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, ती परत गेली तेव्हा बायकोनं ब्लाउजांचे टाके उसवून दिले होते.

कथांमधल्या आयांना सगळं कळलेलं असतं. मलाही कधीकधी तसं मानावंसं वाटतं, सोयीचं आहे. पण माझ्या आईला कळलेलं नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, त्यात गूढ काही नाही.

जाताना तिनं स्वतः कुटून आणलेल्या गोड्या मसाल्यातला अर्धा किलोचा डबा माझ्याकडे दिला, त्या बाईसाठी. "तिच्या त्या लसणाऐवजी हा घालून बघ म्हणावं." मी तो डबा घेऊन दोनदा रॅलेला गेलो. दोन्ही वेळा समोरच्या फुटपाथवरून परत आलो. आत गेलो असतो तर बाईनं आईची चौकशी केली असती. मग क्लायंटचं काम संपलं. डबा आमच्या फ्रीझरमध्ये मागच्या बाजूला राहिला. २००८ मध्ये आम्ही न्यू जर्सीत पार्सिपनीला आलो, तेव्हा बायकोनं सामान आवरताना विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हणालो, जुना झालाय, टाकून दे.

आई आता पंच्याऐंशीची आहे. दर वर्षी चातुर्मास लागला की फोनवर हसत विचारते, "काय, यंदा लसूण नाही ना खायला घालणार?" नातेवाइकांतही ही गोष्ट प्रसिद्ध आहे. लग्नाकार्यात भेटलेले मामा पंगतीत माझ्या पानाकडे बघून म्हणतात, "याला विचारून घ्या रे, लसूण आहे का." सगळे हसतात. मीही हसतो. मला लसणाची माफी मिळून कितीतरी वर्षं झाली.

त्या बाईला मी एक डबा आणि एक खरं उत्तर देणं लागतो. दुकान अजून आहे की नाही, हे मी पाहिलेलं नाही. आईला मी एक वाक्य देणं लागतो. तो लसूण नव्हता.